चिलटांचं घर

२५ सप्टेंबर १९९९, शनिवार

काल गणपती गेले. आज सकाळी ओटा पुसायला घेतला तर फळांच्या टोपलीवरून चिलटांचा पुंजका उठला आणि सरळ माझ्या तोंडावर आला. दहा दिवस घरात फळंच फळं होती, त्यातलं एखादं केळं काळं पडलं असणार. टोपली रिकामी केली, साबणाने घासली, उन्हात पालथी घातली. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. चार वाजता चहा गाळला तर कपाच्या कडेवर दोन बसलेली.

ही डायरी ह्यांना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात युनियनकडून जानेवारीत मिळाली होती. तेव्हापासून कोरीच पडून होती. डब्यांचं काम सुरू केल्यापासून मला सारखं कुणाशी तरी बोलावंसं वाटतं आणि घरात बोलायला माणूस नसतो. हे पाळीवर, दिशा शाळेत, आणि सासरे, म्हणजे नाना, असून नसल्यासारखे. म्हणून लिहिते.

जुलैपासून सहा डबे देते. आमच्याच इंदिरानगरातली एकटी राहणारी माणसं आहेत, कुणी शिक्षक, कुणी बँकेत. माझ्या नावाने झालेलं आयुष्यातलं हे पहिलंच काम. चिलटं परवापर्यंत जातील.

२८ सप्टेंबर, मंगळवार

गेली नाहीत. उलट वाढली. मोरीच्या जाळीत उकळतं पाणी ओतलं. ओटा मीठ-लिंबाने घासला. कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला, त्याने मला आणि दिशाला खोकला लागला, चिलटं तेवढा वेळ खिडकीत जाऊन बसली आणि धूर ओसरल्यावर परत आली. फळं आता घरात ठेवतच नाही. तरी कशावर जगतात कळत नाही.

नानांनी सकाळी विचारलं, "शेजारच्यांचा बंब पेटतो का गं अजून?"

"पेटतो की. का?"

"वाईच राख पाहिजे व्हती."

"कशाला?"

"दात घासाया."

नानांना दात सहा. तरी वाटीभर राख आणून दिली. चहाची गाळणीही सापडत नाहीये. हल्ली घरातल्या वस्तू जागेवर राहत नाहीत.

नाना जूनमध्ये आमच्याकडे आले. त्याआधी सगळा जन्म इथून जवळच, पाथर्डीकडच्या मळ्यात, भाजीपाल्यात गेला. सासूबाई गेल्यावर वर्ष-दीड वर्ष तिथेच एकटे राहिले. मग चुलतभावांनी सामाईक जमीन प्लॉटसाठी द्यायचं ठरवलं आणि नानांनीही सही केली. येताना एक ट्रंक, एक घोंगडी आणि सासूबाईंचं दगडी उखळ घेऊन आले. मिक्सर असताना उखळ कशाला, असं मी म्हटलं होतं. हे म्हणाले, राहू दे. तेव्हापासून ते स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत पोत्याखाली पडून आहे आणि झाडू मारताना रोज माझ्या पायाला लागतं.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

नाना रोज सकाळी साडेसहाला बाहेर पडतात ते नऊला येतात. पिशवी घडी घालून काखेत धरलेली असते, आणि माझ्याकडे न बघता थेट मागच्या बाल्कनीत जातात. धोतराला चिखल. मला वाटतं पाथर्डी फाट्यावर जुन्या मंडळींबरोबर काहीतरी चमचमीत खातात. घरात तर जेवणात लक्षच नाही. काल टोमॅटोची आमटी केली तर एक भुरका घेऊन म्हणाले, "ह्याला आंबट कुठंय?" डबेवाले त्याच आमटीची तारीफ करतात.

खरं लिहायचं तर मला नानांचा कंटाळा आला आहे. ते वाईट वागत नाहीत, काही मागत नाहीत. पण घरात कुणीतरी सतत दुसरीकडे बघत बसलंय असं वाटत राहतं.

३ ऑक्टोबर, रविवार

आज वाल्मीक सर स्वतः डबा परत द्यायला आले. ते हायस्कूलला विज्ञान शिकवतात, बायको-मुलं चांदवडला असतात. दारातच उभे राहिले आणि खिशातून कागदाची छोटी पुडी काढली. उघडून दाखवली. आत एक चिलट.

"कोशिंबिरीत होतं," ते म्हणाले. "मी कुणाला सांगितलेलं नाही. पण वहिनी, उद्या दुसऱ्या कुणाला मिळालं तर तो सगळ्यांना सांगेल."

मला वाटलं जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं. मी सांगितलं की सगळे उपाय करून झाले, धूर केला, पाणी ओतलं.

"धुराने ती फक्त उठतात. ही आंबणाऱ्या वस्तूवर अंडी घालतात, आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. तुम्ही उडणारी मारत बसाल आणि खाली जन्मत राहतील. घरात कुठेतरी काहीतरी आंबतंय. ते शोधा. तोपर्यंत ग्लासात थोडा सिरका घ्या, दोन थेंब भांड्यांचा साबण टाका, वर कागदाचं नरसाळं लावा. आत जातात, बाहेर येत नाहीत."

शिक्षक माणूस, रागावला नाही, समजावून गेला. त्याचंच जास्त लागलं. ते गेल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडले.

५ ऑक्टोबर, मंगळवार

सिरक्याच्या ग्लासात काल एकोणतीस चिलटं पडली. दिशाने मोजली. आज बावीस. हवेत मात्र तेवढीच. सर म्हणतात ते खरं असलं पाहिजे. बटाट्यांची टोपली पाहिली, कांदे पाहिले, फ्रीजखालचा पाण्याचा ट्रे काढला, सिलिंडरमागे काडी घालून पाहिलं. काही नाही.

नानांना ग्लास दाखवला. खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, "लय मेली."

७ ऑक्टोबर, गुरुवार

आज सासूबाईंचं पितर घातलं. घरात दहा भाज्या आणि दोन बायकांइतकं काम, त्यात सहा डबे. भेंडीची भाजी परतताना मला एकदम मळ्यातलं पहिलं वर्ष आठवलं. शहाऐंशी साल. मी नाशिकरोडची, चाळीत वाढलेली. भाजी म्हणजे गाडीवर मिळते एवढंच माहीत. सासूबाई मला पहाटे दवात घेऊन जायच्या. विहिरीजवळच्या बांधावर गावठी टोमॅटोची रोपं आपली आपण उगवल्यासारखी पसरलेली असायची. फळ लहान, अंगाला खाचा, सुपारीपेक्षा जरा मोठं. त्यांनी एक तोडून, पदराला पुसून, वर मिठाची चिमूट सोडून माझ्या हातात दिलं. मी चावले आणि माझे डोळेच मिटले इतकं आंबट. सगळ्या मजूर बायका हसल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्यांदा असंच व्हतं."

त्या पहिल्या महिन्यात मी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं. तेव्हापासून वर्षभर कुणी पाहुणा आला की तो किस्सा निघायचा. मला वाटायचं ह्या मला कधीच आपलं म्हणणार नाहीत. नंतर आम्ही एकलहऱ्याच्या कॉलनीत राहायला गेलो, मग इथे. शेवटी त्या दवाखान्यात होत्या तेव्हा मी रोज डबा नेत होते, पण दोघी मिळून मोकळेपणाने असं कधी बोललोच नाही.

आज नानांनी कावळ्याला घास ठेवला. कावळा आला नाही म्हणून ऊन चढेपर्यंत गच्चीत बसून राहिले. शेवटी मी जाऊन खाली आणलं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं.

डबे गेल्यावर स्वयंपाकघर पूर्ण रिकामं केलं. प्रत्येक डबा उघडला. मग लक्षात आलं की सगळ्यात दाट चिलटं मागच्या बाल्कनीच्या दारात आहेत. पोतं उचललं आणि उखळातून ढगासारखी उठली. आत चार मातीच्या पणत्या-वाट्या, वर पत्र्याचे तुकडे. त्यात लाल, फेसाळलेला, वास मारणारा गर. माझी गाळणीही तिथेच, तिला बिया चिकटलेल्या.

नाना पलीकडच्या खोलीत होते. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. माझं नाव जातंय, लोकांच्या जेवणात किडे पडतायत, आणि तुम्ही घरात घाण साठवून ठेवताय, असं सगळं. ते दारात येऊन उभे राहिले. मी त्यांच्यासमोर चारही वाट्या मोरीत ओतल्या, वरून फिनेल टाकलं, दोन बादल्या पाणी सोडलं. उखळ ब्रशने घासलं.

ते एकच वाक्य बोलले. "बरं केलंस. वास येतच व्हता."

आता स्वयंपाकघरात फिनेलचा वास आहे. मला बरं वाटायला हवं.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

चिलटं संपली. आज ग्लासात एकही नाही. वाल्मीक सरांना निरोप पाठवला की सापडलं, एक भांडं विसरलं होतं.

नाना चार दिवस सकाळी बाहेर पडलेले नाहीत. ताटात वाढलेलं अर्धं तसंच ठेवतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हातारपण आहे, डॉक्टरकडे नेऊ." ह्यांना वडिलांविषयी बोलायचं नसतं. मळा गेला त्या दिवशी नानांना म्हणाले होते, आता शेतीचं नाव काढू नका, आराम करा. त्यानंतर दोघांमध्ये तो विषयच बंद.

१३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सावळीराम भाजीची गाडी घेऊन आला. त्याचा मळा आमच्या मळ्याला लागून होता, आता तोही गाडीवर विकत घेतलेली भाजी विकतो. मी वांगी निवडत होते.

तो म्हणाला, "नाना येत नाय म्हनून इचारायचं व्हतं. बरं हे ना?"

"बरे आहेत. ते तुमच्याकडे यायचे का रोज?"

"माझ्याकडं कशाला? मळ्यात जायचे. विहिरीपाशी चार झाडं राह्यली व्हती वयनींच्या टोमॅटोची. तेवढीच. मशीन यायच्या आत बी धरायचं म्हनून रोज येक-दोन फळं पिकायची वाट बघत बसायचे. सोमवारी मशीन फिरलं. आता चारी बाजूनं पत्रा मारलाय. बी निघालं ना पर?"

मी म्हटलं, "निघालं."

खोटं बोलले. वांगी तशीच टोपलीत ठेवून घरात आले आणि ओट्याशी उभी राहिले. गर आंबवल्याशिवाय टोमॅटोचं बी नीट सुटत नाही. मग ते धुवायचं, राखेत घोळवायचं, सावलीत वाळवायचं. हे मला माहीत होतं. सासूबाईंना मी हे करताना पाहिलेलं आहे. डोळ्यांसमोर राख, गाळणी, धोतराचा चिखल सगळं होतं आणि मला वाटलं म्हातारा भेळ खाऊन येतोय.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

नानांसमोर जाऊन बसले. म्हटलं, "नाना, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. सावळीराम भेटला होता."

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तुझा काय दोष? मी इचारून ठिवायला पाहिजे व्हतं."

"मग विचारलं का नाही?"

"रव्यानं सांगितलं व्हतं, शेतीचं नाव नको." पुढे म्हणाले, "मला वाटलं येवढं बी निघालं की मंग सांगू. निघालेलं दाखवलं की कोन काय म्हनतंय."

मी विचारलं की सासूबाईंनी कुणाकुणाला रोपं दिली होती. त्या तर येईल त्याच्या हातावर रोप ठेवायच्या. नानांनी नावं घेतली. एकाचा मळा गेला, एक संकरितच लावतो, एक गाव सोडून गेला.

"आणखी कुणी?"

"आक्काला दिली व्हती."

आक्काबाई म्हणजे नानांची थोरली बहीण. पेठकडे डोंगरात दिलेली. नऊ वर्षं बोलणं नाही. मला एवढंच माहीत होतं की आत्यांचे यजमान गेले तेव्हा काहीतरी झालं. आज नानांनी सांगितलं. निरोप आला त्या दिवशी मळ्यात तोडा चालू होता, टेम्पो उभा होता. माल उतरवून निघू म्हणाले, मग गाडी चुकली, मग दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी पोहोचले तर आक्काबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुझा माल मोठा, माझा मानूस बारका. तेव्हापासून येणं-जाणं बंद.

"तिनं कवाच उपटून टाकलं असंल," नाना म्हणाले.

"जाऊन बघू."

"नको."

१७ ऑक्टोबर, रविवार

आज ह्यांना सगळं सांगितलं. हे आधी चिडले. "एका टोमॅटोसाठी पेठला? बाजारात बियाण्याची पाकिटं मिळतात." मी म्हटलं, पाकिटात तुमच्या आईचं नाही मिळत. हे उठून बाल्कनीत गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाले, "दसरा झाला की जा. दिशाला मी बघतो."

त्या मळ्याचं ह्यांनाही काही वाटत असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

डबेवाल्यांना सांगितलं, बुधवारी डबा नाही. कुणी कुरकुरलं नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

कालचं सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी सीबीएस स्टँडवरून पेठची गाडी धरली. नानांनी आदल्या दिवशी मला एक नऊवारी लुगडं आणायला लावलं होतं, गडद निळं. ते पिशवीत घालून मांडीवर धरून बसले. सावळघाट लागला तेव्हा म्हणाले, "उतरू का मी? तू एकटी जाऊन ये." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

फाट्यावर उतरून अर्धा तास चाललो. दोन्ही बाजूंना नागली, म्हणजे नाचणी, पिवळी होऊन वाकलेली. आक्काबाई अंगणात सूप घेऊन पाखडत बसल्या होत्या. वाळल्या आहेत, पण बसण्याची ढब थेट नानांची. त्यांनी वर पाहिलं. नानांवरून नजर तशीच पुढे नेली आणि मला विचारलं, "कोन गं तू?"

"मी रोहिणी. रवीची बायको."

"बस. पानी घे."

त्यांच्या सूनबाई, लताबाई, तांब्या घेऊन आल्या. एकच तांब्या. मला दिला. नाना उन्हात उभेच. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. मी पाणी प्यायले नाही, हातात धरून बसले.

सूप चालू होतं. नाना म्हणाले, "आक्का, मी तिसऱ्या दिवशी आलो व्हतो."

"म्हाईत हे."

"माल उतरवायचा व्हता."

"ते बी म्हाईत हे."

"चुकलं माझं."

सूप थांबलं नाही. मला वाटलं आता उठून निघावं लागणार. मग आक्काबाईंनीच हात थांबवला. खाली बघून म्हणाल्या, "तुझी इमल गेली तवा मी आले नाय. सांगावा आला व्हता. मनात म्हनलं, कळू दे त्यालाबी. तुला शिक्षा करायची व्हती, ती तिला झाली. तिनं माझं काय केलं व्हतं?"

नानांची मान हलत राहिली.

"उनात कशाला उभा ऱ्हातोस," आक्काबाई म्हणाल्या. "लता, त्याला पानी दे."

नाना पडवीत टेकले. दोघं भाऊबहीण शेजारी बसून नागलीकडे बघत राहिली. टोमॅटोचा विषय नानांनी काढलाच नाही. मी काढायला गेले तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मला तेव्हा समजलं की आता बी मिळालं नाही तरी त्यांचं येणं झालं होतं.

दुपारी जेवायला बसलो. नागलीची भाकर, घट्ट वरणासारखं उडदाचं भुजं आणि आमटी. नानांनी भाकर मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला आणि हात ताटातच राहिला. मीही एक भुरका घेतला. तेच आंबट. डोळे मिटणारं. मला त्या क्षणी मळ्यातली पहाट, ओली चप्पल, सासूबाईंच्या पदराचा वास सगळं एकदम आलं.

आक्काबाई वाढता वाढता म्हणाल्या, "बघतो काय? इमलचंच हाय. दर साल धरते परसात. राग तुझ्यावर व्हता. रोपानं काय केलं व्हतं?"

मग माझ्याकडे वळल्या. "तूच ना ती, आमटीत दोनदा मीठ घातलेली?"

मी मान खाली घातली.

"इमल लय हसून सांगायची. पर मी येकदा म्हनलं, शहरातली पोर, तिला काय येनार, तर माझ्यावर चिडली. म्हनली, तिला हसायचं आसंल तर मी हसंल, दुसऱ्या कुनी हसायचं नाय."

लताबाईंनी मला आणखी भाकर वाढली. मी नको म्हटलं नाही, कारण मान वर करायची नव्हती.

जेवणं झाल्यावर परसात गेलो. मोरीच्या पाण्यावर सात-आठ झाडं, फळांनी लगडलेली. नानांनी बसून एक एक फळ निवडलं, वाटीत पिळलं. आक्काबाईंनी वाटीवर धोतराचं पातळ फडकं टाकून दोऱ्याने आवळलं आणि लांब आंब्याच्या झाडाखाली ठेवायला सांगितलं. "घरात कोन ठिवतं व्हय? चिलटं व्हतात."

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंदिरानगरात आंबा कुठला?" आणि मग हसले. जूननंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बी निघायला तीन दिवस, वाळायला चार. आक्काबाई म्हणाल्या, "ऱ्हा मंग." लुगडं त्यांनी पिशवीतून काढून पाहिलंसुद्धा नाही, पण मी निघाले तेव्हा ती पिशवी त्यांच्या उशाशी होती.

नाना फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "उखळ ठिव. फेकू नको." मी म्हटलं, फेकत नाही. येताना शेजारची सीट रिकामी होती, तिथे कुणाला बसू दिलं नाही. घाट उतरेपर्यंत.

२ नोव्हेंबर, मंगळवार

नानांचा निरोप आला, वाफा टाकलाय, रोपं लावूनच येतो. घर आवरलेलं राहतं. ओटा चकचकीत. दोन डबे वाढले, वाल्मीक सरांनी सांगून मिळवून दिलेले. सकाळी साडेसहाला मात्र उगाच जाग येते आणि दाराची कडी वाजायची वाट बघते.

फडताळातली सासूबाईंची पितळी पळी काढून घासली. आता तीच वापरते.

११ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊबीज झाली. नऊ वर्षांनी आक्काबाईंनी भावाला ओवाळलं असेल. ह्यांना वाटलं होतं नाना दिवाळीला येतील. फराळाचा डबा मी पेठच्या कंडक्टरकडे दिला, पोहोचला का कळलं नाही. दिशा विचारते, नाना आपल्याकडे परत येणार आहेत ना. मी हो म्हणते. तिथे त्यांना परस आहे, बहीण आहे. इथे काय आहे याचं उत्तर मला पटकन सुचत नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज आंतर्देशीय आलं. अक्षर लताबाईंचं, बोलणं नानांचं. तसंच उतरवते.

"चि. रोहिणीस धोंडीरामचे अनेक आशीर्वाद. फराळ पोचला, करंज्या आक्कानंच खाल्ल्या. रोपं चार बोटं झाली. चाळीस टाकली त्यातली एकतीस जगली. आक्का रोज बोलते, पाणी जास्त घालतोस म्हणून. तिला काही येत नाही. बी दोन पुरचुंड्या बांधून ठेवलंय, एक तुझी, एक सावळीरामची. रव्याला सांग, त्याच्या आईचं आहे, कुंडीत लावलं तरी येतं. मी कधी येऊ ते कळव. आता तुझ्या सैपाकघरात चिलटं नसतील. असली तर तसं लिही, म्हणजे सगळा दोष माझाच नव्हता हे तरी ठरेल."

हे संध्याकाळी आले तेव्हा वाचायला दिलं. दोनदा वाचलं. मग मागच्या बाल्कनीत गेले, कठडा हाताने मापून बघितला आणि विचारलं, "इथे चार कुंड्या बसतील ना?"

"सहा बसतील," मी म्हटलं.

काल आणलेली केळी ओट्यावर आहेत. एक जरा जास्त पिकलंय. त्यावर दोन चिलटं बसली होती. हाताने वारलं तर उठली, घिरटी घातली आणि पुन्हा तिथेच येऊन बसली.

लगेच कोरं आंतर्देशीय घेतलं आणि लिहिलं: ती. नानांस शिरसाष्टांग नमस्कार. चिलटं आहेत. आत्ता डोळ्यांनी बघून लिहिते आहे. तुम्ही या.